पुन्हा त्याच दारात

रत्नाताई गेल्या त्या सकाळी आमच्या टपालपेटीत कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीच्या मतपत्रिकेचं पाकीट येऊन पडलं होतं. न्यूझीलंडमध्ये हे मतदान टपालानं होतं. घरबसल्या नावापुढे खूण करायची आणि पाकीट परत पाठवायचं. मी ते हातात घेऊन आत येतोय तोच फोन वाजला. ताईंची मुलगी तृषा होती. "काका, मम इज गॉन," एवढंच म्हणाली. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? ताईंचं मत राहिलं. हसू नका. रत्ना मेश्राम यांना जे ओळखत होते, त्यांच्यातल्या निम्म्यांना तरी तेच वाटलं असणार.

आमची ओळखच मुळी मतावरून झाली. २०१२ सालची गोष्ट. पुण्याहून येऊन मी वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमध्ये भाड्याच्या घरात राहत होतो आणि एका रविवारी दुपारी सोफ्यावर आडवा होऊन क्रिकेट बघत होतो. बेल वाजली. दारात पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई, अंगात गुडघ्यापर्यंतचा निळा रेनकोट, हातात स्टीलचा डबा. "मराठी घर आहे असं कळलं. मी रत्ना मेश्राम. नागपूरची. हॉस्पिटलात नर्स आहे," असं म्हणून त्यांनी डबा पुढे केला. मी तो घेतला आणि फसलो. पुढचं वाक्य होतं, "मतदार यादीत नाव घातलं का?" मी म्हटलं, अजून इथला नागरिक नाही, आणि वेळही नाही मिळाला. "नागरिक काहून पाहिजे? रेसिडेन्सी आहे, वर्ष झालं, पुरे झालं की. वेळ नाही मिळाला म्हणतोस? मॅच पाहाले मिळाला ना!" पहिल्याच भेटीत त्या 'तू'वर आल्या होत्या. आम्ही पुणेकर दुपारच्या वेळी दारात आलेल्या माणसाशी कसे वागतो हे जगजाहीर आहे, पण डब्यात सांबारवडी होती. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला डबा संपल्यावर कळलं, आणि त्याच संध्याकाळी मी यादीत नाव घातलं.

हे वेड त्यांनी आयर्लंडहून आणलं होतं. न्यूझीलंडच्या आधी त्या आणि त्यांचे यजमान मिलिंददादा आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात आठ-नऊ वर्षं राहिले. ताई तिथल्या रुग्णालयात होत्या. ज्याच्या आईची त्यांनी शुश्रूषा केली तो पॅड्रिक नावाचा माणूस पुढे सत्ताधारी पक्षाकडून खासदारकीला उभा राहिला आणि ताई त्याच्यासाठी दारोदार फिरू लागल्या. त्यांना स्वतःला त्या निवडणुकीत मत नव्हतं. लोक थट्टा करायचे, तुला मत नाही आणि आमचं मागतेस होय! ताई म्हणायच्या, "मले असतं तर मागाले कशाला आली असती?" तिथली सगळी रीत त्या आम्हाला रंगवून सांगायच्या. मतपत्रिकेवर एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालायचे असतात, त्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवार विरोधकांपेक्षा एकमेकांवरच जास्त जळतात. 'तुला दुसरी पसंती नक्की' असं कुणी गोड हसून म्हणालं की समजावं, इथे डाळ शिजणार नाही. पुढाऱ्यानं गावातली एकही अंत्ययात्रा चुकवायची नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणाच्याही घरून निघताना फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. एकदा एका कार्यकर्त्यानं शेतकऱ्याचं फाटक उघडं टाकलं, गाई रस्त्यावर गेल्या आणि अख्ख्या भावकीची मतं विरोधकांना गेली म्हणे. ही गोष्ट सांगताना ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

पुढची गोष्ट मात्र त्या हसत सांगायच्या नाहीत. तिथल्या बँका बुडाल्या, त्यांचा बोजा सरकारनं जनतेच्या डोक्यावर ठेवला, अर्धवट बांधलेल्या घरांच्या वसाहती ओस पडल्या, गावातली तरुण मुलं देश सोडून जाऊ लागली. २०११च्या निवडणुकीत तो पक्ष भुईसपाट झाला. पॅड्रिक पडला, त्यानं कार्यालयाला कुलूप लावलं आणि तो कुणाला दिसेनासा झाला. तोपर्यंत ताईंचं न्यूझीलंडला यायचं ठरलं होतं. सामान बांधायचं सोडून ही बाई रेनकोट चढवून निघाली. जिथे जिथे मत मागितलं होतं, त्या प्रत्येक दारात पुन्हा गेली. "या माणसासाठी मी तुमच्याकडे मत मागितलं होतं. बोलायचं ते बोला, मी ऐकाले आली," एवढंच म्हणायची. काहींनी दार तोंडावर आपटलं. एका म्हातारीचा मुलगा त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेला होता. तिनं ताईंना उभ्या उभ्या मनसोक्त झोडपलं आणि मग म्हणाली, पावसात काय उभी राहतेस, आत ये. मी एकदा विचारलं, ताई, बँका तुम्ही बुडवल्या नव्हत्या, तुम्ही कशाला शिव्या खायच्या? "मत मांगताना पॅड्रिक नव्हता बाप्पा त्या दारात, मी होती. त्याचा चेहरा कोणी पाहिला होता? माह्याकडे पाहून दिलं त्यांनी."

इथे आल्यावरही जीव तिकडेच. २०१६च्या फेब्रुवारीत तिकडची मतमोजणी सुरू झाली तेव्हा त्यांनी आम्हाला रविवारी सकाळी जेवायला म्हणून बोलावलं आणि लॅपटॉपवर आयरिश रेडिओ लावून बसवलं. एका गॅसवर वांग्याचं भरीत, दुसऱ्यावर दूध उतू चाललेलं, आणि ताई निवेदकाच्या आधी सांगतायत की हा बाद झाल्यावर याची मतं दुसऱ्या पसंतीनं कुणाकडे वळणार. मिलिंददादा मुकाट्यानं दूध उतरवायचे. त्या वेळी आधीचं सरकार आपटलं आणि ताईंचा जुना पक्ष बराचसा उभा राहिला. कुणालाच बहुमत नाही म्हणून पुढे कित्येक आठवडे नुसता घोळ चालला, आणि शेवटी या पक्षानं सत्तेत न जाता बाहेरून टेकू दिला. मला वाटलं ताई खूश होतील. कसलं काय! "घराची किल्ली कमरेला पाहिजे, पण गळणारं छप्पर पाहाले नको," म्हणाल्या आणि रेडिओ बंद केला. जुन्या पक्षावर त्यांची माया होती, पण आंधळी नव्हती.

त्याच वर्षी आमच्या भागातून जॅनेट कौन्सिलला उभी राहिली. शाळेतून निवृत्त झालेली, सरळ, जरा लाजरी बाई. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे आपल्याकडच्या किराणा दुकानात, तिची आणि ताईंची ओळख झाली होती. आमच्या भागातलं छोटं वाचनालय बंद करायचं कौन्सिलच्या मनात होतं आणि जॅनेटनं शब्द दिला की ते होऊ देणार नाही. इथे आल्यापासून तृषाच्या दुपारी त्याच वाचनालयात गेल्या होत्या. या देशात नव्यानं आलेल्या कुटुंबांतली म्हातारी माणसं तिथे दिवसभर हीटरजवळ बसायची. ताईंनी कपाटातून रेनकोट बाहेर काढला आणि मला बखोटीला धरून बरोबर घेतलं. ताईंच्या रस्त्यावरची सगळी दारं दोन शनिवारांत झाली. जॅनेट निवडून आली.

दोन वर्षांनी वाचनालय बंद झालं. इमारत भूकंपात टिकणारी नाही असा तज्ज्ञांचा निर्वाळा आला, दुरुस्तीचा खर्च परवडेना, आणि जॅनेटनंही बंद करण्याच्या बाजूनं हात वर केला. भूकंपाचं नाव निघालं की या देशात कुणी वाद घालत नाही. ताईंनीही घातला नाही. "कारण खरं असेल. पण शब्द दारात येऊन दिला होता ना? मग कारण बी दारात येऊन सांगावं लागते." जॅनेटला फोन केला तर ती म्हणाली, सगळं वेबसाइटवर घातलंय. गरज सरो, वैद्य मरो. मी हा विषय तिथेच सोडला असता. पुढच्या शनिवारी निळा रेनकोट आमच्या दारात हजर. "चल."

तो शनिवार मी विसरणार नाही. आपण मत मागायला जातो तेव्हा पायांत एक जोर असतो, या वेळी प्रत्येक फाटकाशी माझी चप्पल जड होत होती. एक गोरा आजोबा बागेत काम करत होता. ताईंनी सांगितलं, आम्ही वाचनालयासाठी तुमचं मत घेतलं होतं आणि ते वाचलं नाही, म्हणून आलो. त्यानं कुदळ खाली ठेवली. "मी या घरात चाळीस वर्षं राहतोय. मत मागून झाल्यावर पुन्हा दारात आलेली तू पहिलीच," म्हणाला. त्याच्यापुढच्या घरातली सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरची, आजी मात्र संतापली. नातवंडांना आता बसनं दूरच्या वाचनालयात न्यावं लागत होतं. ताई मान खाली न घालता सगळं ऐकून घेत राहिल्या. निघताना म्हणाल्या, "जॅनेट विल कम हरसेल्फ." मी रस्त्यावर आल्यावर विचारलं, ती येणार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? "कोणी नाही. पण ती येईन."

जॅनेटच्या कानावर हे गेलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. ती तडक ताईंच्या घरी आली. मी तिथेच होतो. तू मला साऱ्या रस्त्यासमोर खोटं पाडलंस, म्हणाली. ताई शांतपणे चहा गाळत होत्या. त्यांचा चहा इतका कडक असायचा की चमचा उभा राहावा. "मी तुला खोटं नाही पाडलं. तुझ्याआधी जाऊन अर्ध्या शिव्या खाऊन आले. उरलेल्या तुझ्यासाठी ठेवल्या आहेत. जा." त्यांच्या आयरिश वळणाच्या इंग्रजीत हे फार प्रेमळ वाटत होतं. जॅनेट चहा न पिताच गेली.

पुढच्याच उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, ताईंना कर्करोगाचं निदान झालं. स्वतः नर्स असल्यामुळे पुढे काय होणार हे त्यांना आमच्याआधी कळलं होतं आणि त्याबद्दल त्या फारसं बोलत नव्हत्या. मे महिन्यात आयर्लंडच्या स्थानिक निवडणुकांची मोजणी त्यांनी अंथरुणावर पडून ऐकली. तृषा शेजारी बसून फोनवरचे आकडे वाचून दाखवायची. "मम, यू डोन्ट इव्हन लिव्ह देअर!" असं ती कुरकुरायची, पण वाचायची. ऑगस्टमध्ये जॅनेट भेटायला आली. पुन्हा उभी राहत होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, माझ्या प्रचाराच्या पत्रकावर पाठिंबा देणाऱ्यांत तुझं नाव घालू का? ताईंचा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता. "आधी त्या रस्त्यावर जाऊन ये." जॅनेट म्हणाली, निवडणूक होऊ दे, मग नक्की जाते. ताईंनी नकारार्थी मान हलवली. "मग मी नसेन, जॅनेट." जॅनेट रडली. पण त्या रस्त्यावर गेली नाही, आणि पत्रकावर ताईंचं नाव आलं नाही. त्या महिन्यात मी ताईंना भेटायला गेलो की त्या फक्त दोन शब्द विचारायच्या, "गेली का?" मी नाही म्हणायचो. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या... माझा जीव तुटायचा. खोटं सांगावं असंही वाटलं, पण रत्नाताईंशी खोटं बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

अंत्यविधीला हॉल भरला होता. त्रिशरण-पंचशील झालं, हॉस्पिटलातल्या नर्सेस आल्या होत्या, बागेतला तो आजोबा टाय लावून आला होता. ताई म्हणायच्या, पुढारी मयताला मतासाठी आला की माणूस म्हणून, ते तो कुठे बसतो त्यावरून ओळखावं. जॅनेट शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून उभी होती आणि कुणाशीही न बोलता निघून गेली. ताईंच्या नावाचं मतपत्रिकेचं पाकीट मिलिंददादांनी तसंच, न उघडता, त्यांच्या फोटोमागे ठेवलं आहे. निकाल लागला, जॅनेट पडली. मला आनंद झाला नाही. पडलेला उमेदवारही माणूसच असतो हे ताईंनी इतक्यांदा सांगितलं होतं की कुणाच्या हरण्यावर हसणं मला आता जमत नाही.

निकालानंतरच्या शनिवारी आमची बेल वाजली. जॅनेट होती. पाऊस होता, वेलिंग्टनकडचा वारा सुटला होता आणि तिच्या हाती ना पत्रक, ना बिल्ला. "रत्नानं कुठल्या टोकापासून सुरुवात केली होती?" तिनं विचारलं. मी रेनकोट चढवला. आम्ही रस्त्याच्या खालच्या टोकापासून वर निघालो. मी मागे उभा राहायचो, बोलायची तीच. वाचनालय वाचवेन म्हणाले होते, वाचवलं नाही, आणि तेव्हाच येऊन सांगायला हवं होतं. सामोअन आजीनं तिला शेलक्या शब्दांत ऐकवलं. जॅनेट ऐकत उभी राहिली. तिच्या चष्म्यावर पाणी साचलं होतं, तेही तिनं पुसलं नाही. निघताना तिनं आजीचं फाटक आठवणीनं लावलं, ते बंदच सापडलं होतं. हे तिला कुणी शिकवलं ते विचारायची गरज नव्हती.

रस्त्याच्या वरच्या टोकाला ताईंचं घर. त्यांचं फाटक कधीच बंद नसायचं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली एक लाल वीट लावलेली असायची. मत मागायला येणाऱ्याला कडीशी झटापट करायला लागू नये, असं त्यांचं म्हणणं. वीट अजून तिथेच होती. जॅनेट त्या घरातही गेली. मिलिंददादांच्या समोर, ताईंच्या फोटोसमोर तिनं तेच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी न करता. दादांनी चहा केला, ताईंसारखाच कडक, आणि या वेळी जॅनेटनं तो संपवला. बाहेर पडलो तेव्हा वारा वाढला होता. जॅनेट सवयीनं वाकली, वीट बाजूला करून फाटक लावायला. मग थबकली, माझ्याकडे बघितलं आणि वीट पायानं पुन्हा नीट आत सरकवली.