थावराभाऊंचा प्रश्न

मी कोणत्याही देशातलं जंगल पाहून मारेगावला परतले की दुसऱ्या दिवशी सकाळी थावराभाऊ दुधाचं माप ओतता ओतता एकच प्रश्न विचारायचे. "मंग म्याडम, तिथचे लोकं कुठी गेले?" वाघ दिसला का, सिंह दिसला का, विमानात जेवायला काय देतात, हे सगळं गाव विचारायचं. यांचं आपलं भलतंच.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी चिडलेच. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, दागिने केले नाहीत. पैसा साठला की देशोदेशीची अभयारण्यं पाहत हिंडले. त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून गेंड्यांचे फोटो घेऊन आले होते आणि कोणाला दाखवू, कोणाला नको असं झालं होतं. "भाऊ, ते राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लोक नसतात," मी जरा तोऱ्यातच म्हटलं. त्यांनी माप भांड्याच्या काठावर ठोकलं, शेवटचा थेंब पडू दिला आणि म्हणाले, "आता नसतीन. पह्यले असतीन ना?" मी भांडं उचलून आत गेले.

थावराभाऊ बंजारा. काटक अंगाचे, बोलणं हळू, चालणं भराभर. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. आजोबांच्या काळात तांडा स्थिरावला तो आमच्याच जिल्ह्यातल्या एका जंगलात, नाल्याकाठी. पुढे त्या जंगलाचं अभयारण्य झालं आणि तांडा बाहेर आणून वसवायचं ठरलं. वडील तांड्याचे नायक, त्यांचा शब्द शेवटचा. पण ते अंथरुणाला खिळलेले, म्हणून हो की नाही ते सांगायचं मुलावर आलं. "शाळा नाई, बाळंतीण अडली तं खाटेवर घालून न्या. मी हो म्हणलं. मह्या एका हो वर अख्खा तांडा उठला," ते सांगायचे. सांगताना नजर माझ्याकडे नसायची, कॅनच्या झाकणाकडे असायची.

नव्या जागी रस्ता मिळाला, वीज मिळाली, मुली शिकल्या. एक तर नर्स झाली. तक्रार अशी त्यांनी कधी केली नाही. सल होता तो आईचा. आईला ते याडी म्हणायचे. तांडा सोडायच्या सकाळी याडीनं आपलं घर शेणानं सारवून घेतलं होतं. सोडून जायचं घर कोण सारवते, म्हणून लोक हसले. ती म्हणाली, येणाऱ्यासाठी. मग नव्या घराच्या ओट्यावर बसून रोज संध्याकाळी ती आपल्या गोरबोलीत मुलाला विचारायची, "आपणे घरेम कुण छ?" आपल्या घरात कोण आहे? थावराभाऊ म्हणायचे, कोणी नाही, रिकामं आहे. ती ताट बाजूला सारायची. दुसऱ्या वर्षी गेली.

"तिले खरं उत्तर मी देल्लंच नाई म्याडम," ते एकदा म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, मग जाऊन पाहू ना. सफारीच्या गाड्या जातात की तिथून. तासाभराचा रस्ता."

"मह्या घरी मी तिकीट काढून जाऊ काय?"

एवढं बोलून कॅन उचलला आणि निघाले. पुढचे तीन दिवस दूध घेऊन त्यांची बायको सोनाबाई आली. मनातून मी पार ओशाळले होते. मदत करायला गेले आणि दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं.

लोकं कुठी गेले, या त्यांच्या प्रश्नानं एक मात्र झालं. मीही तो विचारायला लागले. केनियात आमच्या गाडीचा चालक मसाई होता. सगळ्यांचे कॅमेरे सिंहाकडे आणि मी आपली त्याला विचारतेय, इथे आधी कोण राहत होतं? लांबची एक टेकडी दाखवून तो म्हणाला, माझे आजोबा. त्यांच्या गाई तिथे बसायच्या. गाडी घेऊन मी रोज त्या टेकडीवरून जातो, आणि मनातल्या मनात त्यांना सांगतो, आज अमुक दिसलं, तमुक दिसलं.

घरी आल्यावर हे सांगितलं तेव्हा थावराभाऊंनी हातातलं माप खाली ठेवलं. "रोज जाते तो?"

"रोज."

"अन् सांगते बुढ्याले?"

"हो."

ते ओट्यावर टेकले. चहा निवला. मग म्हणाले, "काढा मंग आपलीबी तिकिटं."

सफारीच्या सकाळी ते अभयारण्याच्या फाटकाशी आले ते पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा सदरा आणि डोक्याला लालभडक पागोटं बांधून. जंगलात भडक रंग चालत नाही, हे मला पाठ. पण सांगायचं राहून गेलं. आयुष्यभर सफाऱ्या करणाऱ्या मला हा माणूस सफारीला नाही, गावाला निघालाय हे सुचलंच नाही. गावाला जाताना माणूस बोडक्यानं जातो का? आमची गाईड कोलाम समाजातली पोक्त बाई होती. तिनं खालच्या आवाजात सांगितलं, "बाबाजी, लाल नाई चालत आत."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "नेम हाय तं हाय," म्हणत त्यांनी पागोटं उतरवलं, नीट घडी करून मांडीवर घेतलं. पांढऱ्या विरळ केसांचं ते डोकं मी पहिल्यांदाच पाहत होते.

गाडीनं नाला ओलांडला आणि त्यांनी चपला काढल्या. "इथून आमचं," म्हणाले. मग एकेक सांगू लागले. हे थोरल्या काकाचं वावर. या मोहाखाली पंचायत बसे. गाईडबाईनं आपली नेहमीची माहिती सांगणं थांबवलं आणि ऐकत राहिली. घरं कुठेच नव्हती, कमरेएवढं गवत होतं. "थांबा," ते हळूच म्हणाले. गवताच्या पलीकडे दगडांचा एक चौथरा तेवढा उरला होता. त्यांच्या घराचं जोतं.

जोत्यावर वाघीण पडली होती, आणि तिच्या पोटाशी दोन पिल्लं.

मी कितीतरी देशांत कितीतरी जनावरं पाहिली. त्या सकाळी मी वाघिणीकडे पाहिलंच नाही, थावराभाऊंकडे पाहत होते. त्यांनी मांडीवरचं पागोटं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मग जोत्याकडे तोंड करून, शेजारच्याशी बोलावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले, "याडी, लेकुरवाळी हाय."

परत आल्यावर ते माझ्या दारात उतरले आणि थांबले. "म्याडम, तुमचे उपकार झाले," म्हणाले. उपकार कोणी कोणावर केले होते? मी पंचवीस वर्षं जंगलं पाहिली ती वरवर. कोणाच्या तरी अंगणात मी कॅमेरा घेऊन उभी आहे, हे मला दूध घालणाऱ्या माणसानं शिकवलं. त्यांचं ऋण मोठं आहे, आणि ते त्यांना तोंडावर सांगायचं मी राहू दिलं. आता इथे लिहितेय.

मागच्या उन्हाळ्यात थावराभाऊ गेले. दोन दिवसांचा ताप, बस. शेवटच्या वाटेला त्यांच्या डोक्याला ते लाल पागोटं बांधलं होतं, आणि काढा म्हणणारं कोणी नव्हतं.

यंदा मी श्रीलंकेतलं एक अभयारण्य पाहून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कॅन वाजला. सोनाबाई आली होती. तिनं माप ओतलं, काठावर ठोकलं, शेवटचा थेंब पडू दिला. निघायला वळली आणि थबकली.

"मंग म्याडम," पदर सावरत ती म्हणाली, "तिथचे लोकं कुठी गेले?"

मी भांडं खाली ठेवलं.

"ते सांगून गेलते," ती म्हणाली. "म्याडम आली का इचारजो म्हणे."

मी तिला ओट्यावर बसवलं, चहा ठेवला आणि सांगायला लागले.