माळशेजला हौसाने ऐकलं

शेलार गावच्या हौसाचे कान लुमांनी, म्हणजे यंत्रमागांनी खाल्ले. सोळा वर्षं कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या, त्या खडखडाटात दुसरं काय होणार? तिथे कोणी ओरडत नसे. नुसते ओठ हलायचे आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाची चहाडी इकडे कळायची. पण बहिरी म्हणवून घ्यायची लाज, म्हणून घरी तिने पत्ता लागू दिला नाही. ओठ दिसले नाहीत की ‘हं, बघू’ म्हणून मोकळी. निव्वळ मूर्खपणा.

तो भोवला लेकीला. तुळजा काल्हेरला दिलेली, तिला पाचवा महिना. मासळी साफ करता करता, खाली मान घालून, तिने दोनदा विचारलं की पहिलं बाळंतपण माहेरीच ना? हौसा दोन्ही वेळा म्हणाली, ‘हं, बघू.’ लेक समजली, आईला आपण जड झालो. मग तिने काल्हेरलाच राहते म्हणून कळवलं, आणि आईला वाटलं, पोरीला आता आपली एक खोली नकोशी झाली. 

अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणातली गोष्ट. शुक्रवारी लूम बंद, म्हणून जावई केसरीनाथ दोघींना टेम्पोने माळशेजला घेऊन गेला. कडा आभाळाला टेकलेला आणि धबधब्याच्या पाण्याचा आवाज असा की केसरीनाथ ओरडून थकला. हौसाला मात्र लांबून कळलं, शेवाळ आहे म्हणतोय. ती मागे सरली.

तुळजा बाजूला उभी होती. या गदारोळात कोण ऐकतंय, म्हणून पाण्याशीच बोलली. हौसाने ओठ पाहिले.

“आये, मला भ्या वाटतंय. तू बोलावलंच न्हाय.”

हौसाने तिचा दंड धरला, तोंड थेट कानाशी नेलं.

“मला ऐकू येत न्हाय गं. चार वर्सं झाली. कवा इचारलंस तू?”

 तुळजा आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून सावकाश म्हणाली, “येऊ का?”

“आजच चल.”

मार्गशीर्षात शेलारला नात झाली. आता घरात सगळे हौसाच्या समोर येऊन बोलतात. लुमांनाही ती शिव्या देत नाही. ओठ वाचायला त्यांनीच तर शिकवलं. पुढच्या श्रावणात केसरीनाथ घाटात निघाला, तेव्हा तिने धबधब्यासाठी नारळ दिला आणि बजावलं,

“समोर उभं राहून सावकाश बोला, जावईबुवा. त्यालाबी ऐकू येत न्हाय.”