आत्याच्या तीन बैठका

सगळी टोळी तिला आत्या म्हणायची. खरी आत्या ती एकट्या मुकादमाची, पण त्यानं म्हटलं आणि बाकीच्यांनी उचललं. धंदा रंगाऱ्याचा, तोही उंचावरचा. नवरा दोरीला गाठ मारायचा कंटाळा करायचा, त्यातच पडून मेला. हिनं त्याचीच जागा धरली आणि दर गाठ तीनदा ओढून बघायची सवय लावून घेतली.

गॅसवर वीज काढणाऱ्या केंद्राची चिमणी तिनं रंगवली. तिथं निम्मा हात फिरतोय तोच हुकूम यायचा, "उतरा, पेटवायचंय!" अणूच्या केंद्रात उलटं. आत शिरायला जेवढी तपासणी तेवढीच बाहेर पडायला. ब्रशसुद्धा तपासल्याशिवाय सोडत नसत. आता कामं पवनचक्क्यांची. मनोऱ्याच्या पोटातल्या शिडीनं माथा गाठायचा आणि दोरीला लटकून रंग देत उतरायचं.

त्या सकाळी वारा पडला. पाती थांबवली. आत्या पट्टे आवळायला लागली, तसा मुकादम म्हणाला, "आत्या, आजपासून तू खालीच. रंगाचे डबे कालव."

"का? डॉक्टरनं ठणठणीत म्हणून लिहून दिलंय."

"कागदावर ठणठणीत, शिडीवर गोगलगाय. चढताना तीनदा बसतेस. पोरं हसतात."

"हसू देत. दात आहेत तोवर हसतील." तिनं कमरेवर हात ठेवले. "हळू म्हणून काढतोस होय? तो अणू बघ. एकदा बंद पडला की उठायला दिवस लावतो, आणि त्याची राख नातवंडा-पतवंडांनी राखत बसायची. पण लागला की महिनोन् महिने हूं की चूं करत नाही, म्हणून सांभाळता. गॅस हाकेसरशी हजर, पण सतत खायला घाला, आणि धूर आभाळात ओकणार. आणि हा तुझा वारा! फुकट राबतो, धूर करत नाही, पण मेला जावयासारखा, आला तर आला. काल दिवसभर तो पडायची वाट बघत बिड्या फुंकल्यात ना? त्याला कुणी म्हणालं, डबे कालव?"

टोळी खुसखुसली.

"तिघांत एक धड नाही. तरी तिघंही कामावर, कारण एकट्याच्या जिवावर घरोघरचे दिवे जळत नाहीत. मग माझ्याच तीन बैठका तुझ्या डोळ्यांत खुपतात?"

"ते पडले तर हाडं मोडत नाहीत, आत्या."

"गाठ मारायला तुला कुणी शिकवलं?"

"तूच. चुकलो की पाठीत धपाटा घालून."

"मग बघ ओढून."

त्यानं ओढली. एकदा, दोनदा. तिनं डोळे वटारले, तशी तिसऱ्यांदाही ओढली आणि बाजूला सरला.

चढताना ती तीनदा बसली. खालून कुणीतरी खोकलं, आत्यानं वरून शिवी हासडली. पोकळ मनोऱ्यात ती घंटेसारखी घुमली. मग माथ्यावर तिचं डोकं दिसलं. दोरी खाली सोडली, आत्या हवेत लोंबकळली.

"मुकादमा, डबे कालव!"

आणि मुकादमानं रंग ढवळायची काठी उचलली.