लिओराचं राहिलेलं बारसं

आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. आईबाप हौसेनं शोधतात, पण ते बाळाच्या कानात सांगायचा मान आत्याचा. आणि त्याआधी ते नाव कुणी बाळापाशी तोंडातून काढायचं नाही, ही आमच्या आईची शिस्त. आईच्या मागं मी थोरली, म्हणून घरातलं हे सगळं मीच चालवलं. जरा जास्तच चालवलं.

भावजयीला सातवा सरता सरता मुलगी झाली, बारामतीच्या एका दवाखान्यात. त्याआधी दोनदा तिचा गर्भ पडलेला. ही जेमतेम सव्वा किलोची, म्हणून डॉक्टरांनी लगेच काचेच्या पेटीत ठेवली. मी इंदापूरहून आले ती तिथंच राहिले. भाऊ कोऱ्हाळ्याहून सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायचा.

गुरुजींना फोन करून जन्मवेळ सांगितली, तर 'ली' अक्षर निघालं. भावजय लासुर्ण्याची, बीएस्सी झालेली. बाहेरच्या बाकड्यावर मोबाईल घेऊन बसली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आक्का, घावलं. लिओरा."

"हे काय गं? खोकल्याचं औषध हाय का?"

ती हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच. "हिब्रू हाय, आक्का. ज्यू लोकांची भाषा. ली म्हंजे मला, ओर म्हंजे उजेड. मला मिळालेला उजेड."

"आपल्या भाषेत उजेडाची नावं संपली व्हय?"

"तसं न्हाय. हे लई थोड्या जणी ठेवत्यात, असं लिहिलंय. आपल्या तालुक्यात तर एकबी नसंल."

तिचं खोटं नव्हतं. मी अंगणवाडी सेविका. माझ्या हजेरीत एकाच नावाच्या चार पोरी आहेत, एकीला हाक मारली की चौघी 'ओ' देतात. सगळ्यांच्या आयांनी मोबाईलवरनंच काढलेली नावं. पण हे मी तिच्यापाशी कबूल केलं नाही. कारण आमच्या आईचं नावही 'ली'वरनंच. अक्षर निघालं त्याच क्षणी माझं ठरलं होतं, की आईच परत आलीय आणि नाव तिचंच लागणार.

सिस्टर रोज सांगायच्या, "हात आत घाला, तिच्याशी बोला. नावानं हाक मारा. आवाज ओळखतं हो बाळ." भावजय माझ्याकडं बघायची. मी मान हलवायची, नाही म्हणून. मग ती काचेच्या भोकातून हात घालून नुसतं "बाळा, ए बाळा" म्हणायची. त्या खोलीत सहा पेट्या होत्या आणि सहाही आया "बाळा"च म्हणत होत्या. आमच्या पोरीच्या पायाला पट्टी होती, तिच्यावरही भावजयीचंच नाव.

आणि मी कोण? वीस वर्षं हातात चित्रांचा तक्ता धरून बायांना हेच सांगत आलेली बाई. बाळाशी बोला, नाव घ्या, त्याला सगळं कळतं. लोकांच्या लेकरांना एक आणि आमच्या लेकराला दुसरं.

बाराव्या दिवशी भावजय म्हणाली, "आक्का, आज बारावा. हितंच ठेवा की नाव. पेटीपाशी हळूच सांगा."

"पाळणा न्हाय, घुगऱ्या न्हायत, चार बाया न्हायत. असलं बारसं असतंय व्हय? घरी येऊ दे तिला. सगळं गाव जेवू घालू."

"बरं," म्हणाली. लग्नाच्या सहा वर्षांत तिनं माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. तेच नडलं.

आता खरं सांगते. रीत होती, नजरेची भीतीही होती, पण त्याच्या आड मला वेळ हवा होता. घरी जाईपर्यंत हिचं मन वळवीन, नाही वळलं तर कानात आईचंच नाव सांगून मोकळी होईन, असा माझा डाव होता. एवढ्याशा जिवाचे मोजके दिवस मी माझ्या हट्टापायी वाया घालवले. लिहितानाही स्वतःची शिसारी येते. भावजयीनं एका शब्दानं दोष दिला नाही, भावानंही नाही. दिला असता तर बरं झालं असतं, निदान भांडायला तरी मिळालं असतं.

सोळाव्या दिवशी बाळाला जंतुसंसर्ग झाला. डॉक्टरांनी, सिस्टरनी होतं नव्हतं ते सगळं केलं. सतराव्या दिवशी दुपारी आम्हाला आत बोलावलं तेव्हा नळ्या काढलेल्या होत्या. सिस्टरनी तिला टॉवेलात गुंडाळून भावजयीच्या मांडीवर दिलं. मधे काच नाही, अशी ती आईला पहिल्यांदाच मिळाली. अंग अजून कोमट होतं. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

भावजयीनं मान वर केली. "आक्का, आता हाक मारू का?"

परवानगी मागितली हो तिनं माझी! माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "हाक मार गं बाई, मार," म्हणाले.

तिनं बाळाच्या तोंडावरचा टॉवेल सारखा केला, वाकली. "लिओरा," म्हणाली. परत म्हणाली, जरा मोठ्यानं, दुधासाठी उठवावं तशी. मग जराही न रागावता मला म्हणाली,

"तिला कुठं म्हाईत, आक्का. कधी ऐकलंच न्हाय तिनं."