बिनतरची माफी

ऑफिसात तिला सगळे ‘दिलगीर’ म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तेवढंच. कंपन्यांची अब्रू सांभाळणारं ते ऑफिस, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. कोणाचा मिक्सर जळो, कोणाच्या गादीतून स्प्रिंग बाहेर येवो. लोक मोबाइलवर येऊन शिव्या घालणार आणि कंपनीच्या वतीने ही लिहिणार, ‘आपल्याला त्रास झाला असेल तर आम्ही दिलगीर आहोत.’

या वाक्याचा जीव ‘तर’मध्ये आहे, हे मॅडमनी तिला सुरुवातीलाच शिकवलं होतं. मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीण. बोलणं गोड, पण कोणाला बोलू न देणारं. “‘त्रास झाला’ म्हटलं की आपण अडकलो,” त्या म्हणाल्या होत्या. “‘झाला असेल तर’ म्हटलं की माफीही मागून झाली आणि हातही मोकळे.” म्हणजे समोरच्याला माफी दाखवायची आणि परत खिशात घालायची. दिलगीरला ते जमत होतं, पण पचत नव्हतं. संध्याकाळी जिना उतरताना ती उगाचच पायऱ्यांवर पाय आपटायची.

तिची आई दोन स्टॉप पलीकडे एकटी राहायची. जन्मभर बसमध्ये कंडक्टर, आता निवृत्त. पण आवाज अजून मागच्या दारापर्यंत पोचणारा. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हा कायदा तिने घरातही लावला होता. भांडण मिटलं की हवेतली दोरी ओढल्यासारखा हात करून म्हणायची, “टिंग टिंग.” मग तो विषय पुन्हा काढायची कोणाची टाप नव्हती.

निवृत्तीनंतर तिला कुंड्यांचं वेड लागलं. फांदी कशी लावायची, मुळं कशी सोडवायची, याचे व्हिडिओ टाकायचे म्हणून मोबाइलवर खातं उघडलं. तेव्हा दिलगीरनेच तंबी दिली होती. “तोंड दाखवायचं नाही. नाव घालायचं नाही. पत्ता कोणाला सांगायचा नाही. बाहेर लोक फार वाईट असतात.” आईने ऐकलं. खात्याचं नाव ‘कुंडीवाली’, फोटो कुंडीचा, आणि व्हिडिओत फक्त हात आणि माती, फार तर पाठ.

खाली वाकून आईची कंबर धरायची, म्हणून दिलगीरने तिला घडीची खुर्ची नेऊन दिली. निळ्या पट्ट्यांची, हलकी. खुर्च्यांची ती कंपनी मॅडमचं मोठं गिऱ्हाईक होती आणि नमुने ऑफिसात पडून असायचे.

एका सकाळी दिलगीर ऑफिसात शिरली, तर सगळे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर पोट धरून हसत होते. पडद्यावर निळी खुर्ची. कोणीतरी बाई पाठमोरी बसलेली. मुळांविषयी काहीतरी सांगता सांगता ती खुरपं घ्यायला पुढे वाकली आणि खुर्चीने चटकन तोंड मिटलं. बाई दिसेनाशी. वर फक्त दोन पाय आणि पायांत चपला. मग खालून खणखणीत आवाज, “अहो खुर्ची कंपनी, ही घडीची खुर्ची आहे, की माणसाची घडी घालायची?”

“काय पडलीय बघा,” डिझायनर म्हणाला. “कसलेली नटी आहे.”

दिलगीर हसली नाही. डाव्या चपलेचा पट्टा लाल दोऱ्याने शिवलेला होता. तो तिनेच शिवला होता.

व्हिडिओ गावभर झाला होता. खाली लोकांची रांग: आमचीही अशीच मिटली, सासऱ्यांना मिटवलं, पाहुण्यांसमोर मिटवलं. मॅडमनी टाळी वाजवून सगळ्यांना बसवलं.

“खातं बघा. नाव नाही, चेहरा नाही, पत्ता नाही. कुंडीचा फोटो. हे बनावट आहे. दुसऱ्या खुर्चीवाल्यांनी पैसे देऊन करून घेतलंय. दिलगीर, दुपारपर्यंत लिही: ही महिला अस्तित्वातच नाही, हा भाडोत्री प्रकार आहे. दुपारी आपले खुर्चीवाले पडद्यावर येतील, त्यांना वाचून दाखवू.”

जेवणाच्या सुट्टीत दिलगीरने जिन्यात जाऊन फोन लावला.

“आई, लागलं का?”

“पाहिलंस वाटतं. अगं, मातीत पडले, मला काय होतंय. चालत्या गाडीत बिनआधाराची उभी राहिलेली बाई मी.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, टाकू नकोस.”

ते खरं होतं. दिलगीरने मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

“मी अस्तित्वात नाही?” आई म्हणाली. “मग तू काय खुर्चीबरोबर फुकट आलीस?”

“आई, मस्करी नको.”

“नोकरी तुझी आहे, तू सांभाळ. मला आणखी एकदा पडायला लाव, पडते. पण भाडोत्री लिहू नकोस, बाई. गाडीत शिव्या खाल्ल्या, धक्के खाल्ले, पण ‘कंडक्टर खोटं बोलते’ असं एक माणूस म्हणाला नाही. ते आता माझ्या पोरीच्या हातून नको.”

फोन ठेवला तेव्हा दिलगीरचे कान तापले होते. चेहरा लपव, नाव लपव, असं सांगणारी ती स्वतः. खऱ्या बाईला खोटी दिसायला शिकवलं कोणी? हिनेच.

दुपारी पडद्यावर खुर्चीवाले, म्हणजे त्या कंपनीचे मालक, आले. टक्कल, जाड मिशा, मागे भिंतीवर कारखान्याचं कॅलेंडर. मॅडम म्हणाल्या, “हं, वाच.”

“लिहिलं नाही,” दिलगीर म्हणाली. “ती बाई आहे. माझी आई आहे.”

डिझायनरने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. मॅडमचा गोडवा उतरला.

“म्हणजे हे तू घडवून आणलंस? आमचंच गिऱ्हाईक, आमचीच खुर्ची आणि तुझी आई?”

“मला काढायचं तर काढा,” दिलगीरचा आवाज आईवर गेला. “पण आधी हे ऐका. अस्तित्वात नाही म्हणता त्या बाईने या शहराला तिकिटं फाडून दिलीत. तुम्हीसुद्धा कधीतरी तिच्या ओरडण्यानेच पुढे सरकला असाल. भाडोत्री आम्ही आहोत मॅडम. ती नाही.”

“अहो, एक मिनिट,” पडद्यावरून खुर्चीवाले बोलले. “भांडता कशाला? आमची खुर्ची मिटतच नाही. मी स्वतः तपासलीय.” त्यांनी बाजूला हाक मारली, निळी खुर्ची आणवली आणि कॅमेऱ्यासमोर ऐटीत बसले. “हे बघा. डुलतो. हे बघा, हात सोडले. काय झालं?”

काही झालं नाही. मॅडमनी दिलगीरकडे विजयी नजरेने पाहिलं.

“पुढे वाका, काका,” दिलगीर म्हणाली. “खुरपं उचलल्यासारखं.”

“हे घ्या,” खुर्चीवाले म्हणाले, आणि वाकले.

पडद्यावर फक्त कॅलेंडर उरलं.

कोणीतरी धावत गेल्याचा आवाज. काहीतरी सांडलं. डिझायनरने तोंडात रुमाल कोंबला, तरी त्याचे खांदे हलत होते. मग पडद्याच्या खालून खोल आवाज आला.

“मॅडम, ते ‘अस्तित्वात नाही’ काढा.”

पडद्यापलीकडे कोणीतरी खुर्ची उलटून पाहिली: ती उघडी धरणारी मागची खिटी कारखान्याने बदलली होती. नवी खिटी वजन पुढे गेलं की सुटायची. मॅडमनी स्वतः नवा मजकूर सांगितला, “ग्राहकांना त्रास झाला असेल तर—”

“थांबा,” दिलगीरने फोन उचलला. “ज्यांची माफी मागायची त्यांनाच विचारू.” आणि स्पीकर लावून तिने आईला मालक कसे पडले ते सांगितलं आणि मजकूर वाचून दाखवला.

“असेल तर?” आईचा आवाज सगळ्या खोलीत भरला. “कंपनीचा मालक पडला ना आत्ता?”

“पडला.”

“मग त्याच्या कमरेला विचार, ‘असेल तर’ की ‘आहे’.”

पडद्यावर खुर्चीवाले कंबर चोळत होते. “आहे,” ते म्हणाले. “आजी बरोबर बोलतात. तो ‘तर’ काढा.”

“एकदा ‘तर’ काढला की प्रत्येक गिऱ्हाईक काढायला सांगेल,” मॅडम कळवळून म्हणाल्या. “मग आपण विकायचं काय?” पण पैसे देणारा माणूस ‘काढा’ म्हणत होता, तिथे त्यांचं काय चालणार?

दिलगीरने लिहिलं: ‘कुंडीवाली बाई खऱ्या आहेत. त्या पडल्या, कारण आमची खुर्ची वाईट निघाली. चूक आमची. निळी खुर्ची घेऊन या, खिटी बदलून देतो. तोवर तिच्यावर बसून पुढे वाकू नका. आमचे मालक वाकले होते.’ शेवटचं वाक्य खुर्चीवाल्यांनी स्वतः घालायला लावलं. लोक त्या वाक्यावर इतके हसले की शिव्या द्यायचं निम्म्यांना सुचलंच नाही. उरलेल्यांनी मात्र मनसोक्त दिल्या, आणि दिलगीरने एकेकाला बिनतरचं उत्तर दिलं.

मॅडमनी तिला काढलं नाही. खुर्चीवाले म्हणाले होते, आमचं काम हीच बघेल. बाकीच्या कंपन्यांचा ‘तर’ अजून मॅडम घालतात आणि ही खोडते, मग दोघींची टेबलाच्या दोन टोकांना जुंपते. डिझायनरने तिचं नाव बदलून ‘बिनतर’ ठेवलंय.

माफी गेली त्या संध्याकाळी जिना उतरताना तिने पाय आपटले नाहीत. मोबाइल उघडून बघितला. कंपनीच्या माफीखाली, शेकडो हसऱ्या चेहऱ्यांच्या गर्दीत, कुंडीच्या फोटोशेजारी आईने लिहिलं होतं,

‘टिंग टिंग.’