निरवानिरव

"बोट काढ. आधी ते बोट काढ त्या पानावरनं," आत्या ओरडत होती. आणि ती अशी ओरडते की सारसोळ्याच्या खाडीतले फ्लेमिंगो उठून थेट उरणला जाऊन बसतात. आमचं घर जुईनगरला, खाडीपासून बरंच आत. तरी बसतात. मी सोफ्यावर मांडीवर बायबल उघडून बसलो होतो, बोट एका ओळीवर होतं आणि ते काही मला उचलता येत नव्हतं.

झालं होतं असं, की माझ्या जबड्याखाली गाठ आली होती. लिंबाएवढी. बायको म्हणते वाटाण्याएवढी. पण गाठ माझी, माप मीच सांगणार. वडिलांना अगदी तिथंच, त्याच बाजूला आली होती. त्यांनी ती मफलरखाली लपवली, आणि दाखवली तेव्हा डॉक्टरनं नुसता खांद्यावर हात ठेवला. आता सकाळी दाढी करताना ब्लेड गाठीपाशी आलं की ते गेलेले वडील बोलायचे. माझ्या मागं, बाथरूमच्या दारातून, त्यांच्या त्या खरखरीत मऊ आवाजात: "तुझं पण असंच होणार, बाळा." वळून बघावं तर दाराला लटकलेला टॉवेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी चेअरमनला तोंड उघडू देत नाही. तोच मी टॉवेलाला भिऊन अर्धी दाढी घेऊन बाहेर यायचो.

डॉक्टरकडे जावं की नाही, हे मी देवाला विचारलं. आमच्यात विचारतात तसं. डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, बोट ठेवायचं. बोटाखाली येईल ते आपलं वचन. चर्चच्या पाळकसाहेबांना हे मुळीच खपत नाही, आणि अख्ख्या मंडळीत हे न केलेलं एक घर सापडायचं नाही. असं बोट ठेवून फ्रीज घेतलेला माणूस मला माहीत आहे.

माझं बोट पडलं एका आजारी राजावर. संदेष्टा देवाचा निरोप घेऊन येतो आणि त्याला सांगतो, घराची निरवानिरव कर, तू यातून काही उठत नाहीस. मी पुस्तक मिटलं आणि निरवानिरवीला लागलो. बायकोला गॅसचं पुस्तक कुठंय ते दाखवलं, मेंटेनन्सच्या पावत्या दाखवल्या, गीझरचं बटण दाखवलं.

"गीझर लग्न झाल्यापासून मीच लावते," ती म्हणाली.

मग मी भिंतीकडे तोंड करून पडलो. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत होता, बाहेर लिफ्टचं दार आपटत होतं, बायको फोनवर कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होती. सगळं मी गेल्यावर चालेल तसंच चाललं होतं आणि मी पडल्या पडल्या ते ऐकत होतो. वडिलांनीही आता बाथरूम सोडलं होतं. ते उशाशी येऊन बसले होते.

बायकोचा तो फोन दिघ्याला, आत्याला होता. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, नगरकडची, नवऱ्याच्या कारखान्यापायी दिघ्यात येऊन राहिलेली. ती रिक्षानं आली, मला उठवून सोफ्यावर बसवलं, आणि तुला काय आलंय ते दाखव म्हणाली. मी पान काढून बोट ठेवलं. त्यावर तो आरडाओरडा.

"आत्या, वचन आलंय मला."

"वचन आलंय म्हणे. पोस्टानं आलं का? खालची ओळ वाच."

"खाली काय असणार?"

"मला काय विचारतोस? डोळे तुला दिलेत ना? वाच की."

मी बोट उचललं. खालच्या ओळीत राजानं भिंतीकडे तोंड केलं होतं. मी तिथंच थांबलो. बायको दारात उभी होती, तिनं बेडरूमकडे पाहिलं.

"थांबू नको," आत्या म्हणाली.

राजा ढसाढसा रडतो. संदेष्टा निघालेला, पण वाड्याबाहेरही पडला नाही तोच देव त्याला मागं फिरवतो: जा, त्याला सांग, तुझी आसवं मी पाहिली, तुला आणखी पंधरा वर्षं दिली. मग राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप लावतात आणि तो उठतो.

"लेप कुणी सांगितला?"

"संदेष्ट्यानं."

"म्हणजे देवानं शब्द दिला तरी औषध लावलंच. चप्पल घाल."

तेव्हा मी तिला त्या आवाजाचं सांगितलं. ती पहिल्यांदाच हळू बोलली. "माझा भाऊ जन्मात असं कुणाला बोलला नाही. शेवटच्या दिवशी पण मला म्हणाला, ताई, चहा घेतल्याशिवाय जाऊ नको. त्याचा आवाज काढून दुसरंच कुणी बोलतंय तुझ्याशी. त्याला वचन अर्धंच पाठ असतंय. पुढचं तू वाचायचं."

डॉक्टरनं गाठीत सुई घातली. हातभर लांब होती. रिपोर्ट येईपर्यंत मी रोज दाढीआधी तो अध्याय वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बाथरूमचं दार सताड उघडं टाकून. आवाज यायचा. त्याचं अर्धं बोलून झालं की पुढचं अर्धं मी बोलायचो, आणि इतक्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये मला विचारायला लागल्या, "तुमचा तो राजा उठला का हो?" त्यांच्या देव्हाऱ्यात गणपती, पण काळजी खरी होती.

गाठ साधी निघाली आणि गोळ्यांनी जिरली. मी पेढे घेऊन दिघ्याला गेलो. आत्या जमिनीवर बसून लसूण सोलत होती. तिनं पेढा कपाळाला लावला, तोंडात टाकला, आणि पुन्हा सोलायला लागली. मी सुईची लांबी सांगितली, डॉक्टर कसा चकित झाला ते सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. गाठ गेली होती, पण त्या सकाळीही दाराशी कुणीतरी होतं. पुढचं वाचल्यावर ते मागं सरकलं, इतकंच.

"आत्या," मी विचारलं, "तुला कधी ऐकू येतो का गं तो? पप्पांच्या आवाजात?"

"रोज," ती म्हणाली. "दुपारी जास्त."