वलगाव, खल्लार, दर्यापूर

शर्यत संपली की मामा वेळ विचारत नसत, तळहात बघत. हातमोजे काढायला लावायचे आणि म्हणायचे, "हात दाखो." अंगठ्याखाली लाल वळ दिसला की झालं. "स्टिअरिंगचा गळा दाबून राहिली का व पोरी? गाडी आपली दुश्मन हाय का?"

अमरावतीत एका जुन्या गोदामात गो-कार्टचा, म्हणजे बुटक्या, उघड्या रेसगाड्यांचा ट्रॅक होता. मामा, म्हणजे तिथल्या सगळ्यांचेच मामा, शर्यतीला झेंडा दाखवायचे. त्याआधी वीस वर्षं त्यांनी दर्यापूरच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवली होती. मी चांदूर बाजारची. वडील भाजी विकतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजच्या गो-कार्ट संघात चालकाची एकच जागा होती. ती मला हवी आहे, हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. माझ्याच वर्गातल्या ओमने मात्र ओळखलं. "हलकी आहेस, ते ठीक. पण पंधरा फेऱ्या तुझे हात टिकतील का?"

टिकत नव्हते. लांबून खेळण्यासारखी दिसणारी ती गाडी आठव्या फेरीपर्यंत हातांचं लाकूड करते. वळणावर सीटची कड बरगडीत घुसते, मान बाहेर ओढली जाते. दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येत नसे.

मामांनी कारण दुसरंच काढलं. "तू वळनावर श्वास रोकते. म्हनून हात दगड होतात." मग त्यांनी ट्रॅकच्या तीन अवघड वळणांना आपल्या जुन्या थांब्यांची नावं दिली. वळण आलं की हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडायचं: वलगाव! खल्लार! दर्यापूर! "वरडता वरडता कोनाले दम धरता येते का?" मला आधी फार लाज वाटली. पण हात सैल पडू लागले.

ब्रेकबद्दल ते कडक होते. "ब्रेक वळनाच्या आंधी, सरळ रस्त्यावर. वळनात मारशीन तं मागची चाकं निसटतात. आन् भिंतीकडे काहून पाहतं? जिथून निघायचं हाय तिथं पाह्य." गाडी घसरून टायर किंचाळले, की पोरं खूश व्हायची. मामा मान हलवायचे. "टायर वरडला म्हंजे टाइम गेला. वरडायचं ते आपन."

निवडीच्या दिवशी पहिल्या पाच फेऱ्या ओम पुढे होता, टायर किंचाळत होते. दहाव्या फेरीनंतर त्याची गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला जाऊ लागली. मी जोर वाढवला नव्हता. त्याचे हात संपले होते. खल्लारला मी आतून पुढे गेले. जागा मला मिळाली. मामांनी शाबासकी दिली नाही. तळहात पाहिले, "कोरे हायेत" म्हणाले आणि झेंडा गुंडाळायला गेले.

पुढे तो ट्रॅक बंद पडला. गोदामात आता सोयाबीनची पोती आहेत, मामा दर्यापूरला मुलाकडे.

अकोल्याच्या स्पर्धेत पहिली शर्यत संपल्यावर मी सवयीने हात पुढे केले. समोर कुणीच नव्हतं. मग तळहातांचा फोटो त्यांना पाठवला. लगेच फोन आला.

"डावा लाल हाय. कोनत्या वळनावर भ्यायली?"

"चौथ्या, मामा. आपल्याकडे तसं वळणच नव्हतं."

"नाव ठेवलं का त्याचं?"

"नाही."

"मंग ठेव ना. मले काय इचारतं?"

अंतिम शर्यतीत चौथं वळण आलं. सरळ रस्त्यावरच ब्रेक दाबला, नजर पलीकडे टाकली आणि पोटातून ओरडले, "मामांचा फाटा!"

त्या दिवशीचे माझे दोन्ही तळहात कोरे होते.